डिकीवरची थाप

चढावरच्या घरासमोर गाडी थांबवून सुधाकररावांनी हँडब्रेकचं बटण ओढलं. दिवा लागला. ब्रेक आजच दुरुस्त होऊन आला होता, तरी त्यांचा पाय पेडलवरून हलेना.

जुन्या गाडीचा हा बटणाचा ब्रेक कधी धरायचा, कधी सोडायचा. म्हणून त्यांची बायको कुमुद आधी उतरायची, मागच्या चाकाला दगड लावायची आणि डिकीवर थाप मारायची. मगच ते पाय काढायचे. "तेवढा ब्रेक करून घ्या हो," ती म्हणायची. ते राहूनच गेलं, आणि ती गेली.

"बाबा, उतरा. आता गाडी नाही घसरायची," लेक म्हणाली.

ते समोरच बघत राहिले. लेक उतरली, मागे जाऊन आईचा दगड उचलायला वाकली.

"बोटं सांभाळ गं, कुमुद," आरशात बघत ते म्हणाले.

लेकीनं दगड चाकाला लावला. तिनं डिकीवर थाप मारली.