न्यायी साहेबाची कबर

“आधी पाय पुसा,” राखणदारीण म्हणाली.

पाहुण्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं. रस्त्यावरचा चिखल लागला होताच. फाटकातून आत शिरल्यावर पायवाटेत एक चपटी फरशी बसवलेली होती, घासून घासून मधोमध खळगा पडलेली. त्यानं तिच्यावर दोन्ही बूट घासले. मागून आलेल्या कारकुनानंही घासले. त्यातून कुणाची सुटका नव्हती. एकदा एक मंत्री आला होता, त्यालाही तिनं सोडलं नव्हतं.

पाहुणा आज तिसऱ्यांदा येत होता आणि तिला तो डोळ्यांसमोर नको होता. समुद्रापलीकडून आलेला, पन्नाशीचा, इथली भाषा वर्गात बसून शिकलेला. गोऱ्यांच्या राज्यात त्याचा पणजोबा या शहराचा न्यायाधीश होता आणि याच जुन्या कबरस्तानात पुरलेला होता. त्याच्या अस्थी घरी न्यायच्या, हे पाहुण्यानं मनावर घेतलं होतं. दोनदा तिनं त्याला वाटेला लावलं. एकदा कागदावर शिक्का नाही म्हणून, एकदा सही भलत्याचीच आहे म्हणून. आज शिक्का होता, सही होती, कचेरीतला कारकून होता आणि कुदळी घेतलेले दोन मजूर होते.

“मावशी, आता तरी वाट सोडा,” कारकून म्हणाला.

तिनं कागद हात लांब करून वाचला. “यात साहेबाच्या अस्थी म्हटलंय. दुसरं काही हलवायचं नाही.”

“दुसरं काय नेणार इथून? गवत?”

गवत खरंच गुडघाभर होतं. सगळ्या कबरींचा उकिरडा झाला होता. हात तुटलेली एक दगडी परी झुडपात तोंड खुपसून पडली होती. फक्त पार टोकाला, मोठ्या झाडाखालची एक कबर लख्ख होती. भोवतीची माती झाडलेली, कडेच्या विटा सरळ, डब्यात आजचीच फुलं. दगडावरच्या ‘न्यायी आणि दयाळू’ या अक्षरांत मात्र शेवाळ भरलं होतं. तेवढं तिनं कधी खरवडलं नव्हतं.

पाहुण्यानं टोपी काढली. “तुम्ही इतकी काळजी घेतली. मी आभारी आहे.”

“तुमच्यासाठी नाही घेतली.”

त्यानं भोवती पाहिलं. मग आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, “किती शांत आहे इथे. माझ्या पणजीच्या पत्रात आहे, दफनाच्या वेळी रस्त्यावरच्या गाड्यांच्या खडखडाटात प्रार्थनाही नीट ऐकू येत नव्हती. बिचारीनं हा दगड पाहिलाच नाही. महिन्याभरात बोटीनं परत गेली.”

“दगड वर्षानं बसवतात,” राखणदारीण म्हणाली. “माती खाली बसू द्यावी लागते. तोवर नुसती नंबराची खुंटी.”

कारकून तिच्या कानाशी लागला. “तुमचं दुखणं कळतं मला. साहेब गेला की या जागेचं नाव जपायच्या जागांच्या सरकारी यादीतून जाणार आणि तुमच्या दोन खोल्याही जाणार. पण मी काय करू, मावशी? हुकूम आहे.”

तिनं डब्यातली फुलं सारखी केली.

“माझ्यावर एवढा राग का आहे तुमचा?” पाहुण्यानं विचारलं.

“ऐकायचंय?” ती त्याच्याकडे वळली. “आमचे पणजोबा इथले माळी. शिपायांपासून पळून आलेल्या दोन पोरांना त्यांनी अवजारांच्या खोलीत लपवलं. तेवढ्यासाठी तुमच्या या दयाळू माणसानं त्यांना फासावर चढवलं. प्रेत घरी दिलं नाही, इथेच आवारात पुरायला लावलं. खूण ठेवायची नाही, असा हुकूम सोडला. आणि खड्डा खणायला कुणाला लावलं? त्यांच्याच मुलाला. माझ्या आजोबांना.”

“मला माहीत नव्हतं.”

“माहीत व्हायला विचारावं लागतं.”

पाहुण्याचे डोळे भरून आले. “आणि तरीही तुमच्या घरानं ही कबर अशी जपली. केवढं मोठं मन आहे तुमचं.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेली चाळीस वर्षं ती रोज सकाळी इथे येत होती, तिच्याआधी तिचा बाप येत होता, आणि हा गृहस्थ तिला मोठ्या मनाचं प्रशस्तिपत्र देत होता.

मजुरानं कुदळ उचलली. ती दगडाच्या आणि कुदळीच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“आता काय राहिलं, मावशी?” कारकून वैतागला.

“दगड बघून खणायचं नसतं. दगड कलतात, पडतात, कुणी कुठेही नेऊन उभे करतं. नोंदवहीत फाटकाच्या खांबापासूनचं अंतर लिहिलेलं असतं. ते मोजायचं आणि तिथे खणायचं. नियम यांच्याच लोकांचा आहे. तुमच्या हुकमातही असेल.”

कारकुनानं कागद चाळला. शेवटच्या ओळीत ते होतंच.

ती खोलीतून वही घेऊन आली. जाड, पुठ्ठा सुटलेली, आत पुढे इथले राखणदार झालेल्या आजोबांचं ठसठशीत अक्षर. कारकून पानावरून बोट फिरवत खाली आला. तारीख, नाव, पेटीची लांबी. मग तो थांबला, तीच ओळ पुन्हा वाचली, आणि टेप घेऊन फाटकाकडे चालू लागला. पाहुणा त्याच्यामागे गेला.

मजुरानं टेपचं टोक खांबाला धरलं. कारकुनाला फार लांब जावं लागलं नाही.

“सहा फूट, पायवाटेत,” तो खाली बघत म्हणाला. “मग तिकडे झाडाखाली कोण आहे?”

“आमचा माळी,” राखणदारीण म्हणाली. “पाहुणे, तुम्ही त्या फरशीवरून जरा सरका. तुमच्या पणजोबांवर उभे आहात.”