निकाल कळवत नाहीत

धानाच्या रोवणीच्या टोळीने बोटं दुखतात म्हणणाऱ्या सत्यभामाबाईला कामचुकार ठरवून काढलं, तेव्हापासून तिची बोटं वाकडीच होत गेली. रक्ताचे नमुने घ्यायला घरी आलेल्या संशोधक मॅडम मात्र खुशीत.

"मावशी, चार वर्षांपूर्वी सिहोऱ्याच्या शिबिरात तुम्ही रक्त दिलंत ना? संधिवाताची प्रतिपिंडं त्यात तेव्हाच सापडली होती. दुखणं सुरू होण्याआधी!"

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"अभ्यासाचे निकाल कळवत नाहीत. नियम आहे. आता तुमच्या मुलीचं, खुशबूचं रक्त हवंय."

"हिचं तरी सांगसान?"

मॅडमनी खुशबूच्या दंडाला पट्टा बांधला. "मूठ आवळ."

खुशबूने जोर लावला. मूठ मिटेना.

सत्यभामाबाईने पट्टा खसकन सोडला. "राहू द्या मॅडम. हिचा निकाल मले कळला. दवाखान्यात नेतो."