आकडे खरे होते

"अगं, तुझे आकडे खरे होते," सर फोनवर एका दमात म्हणाले. सकाळपासून घोकलेलं बाकीचं सगळं डोक्यातून उडून गेलं.

"कोण बोलतंय?" पलीकडून बाईचा आवाज आला.

आली का पंचाईत! उत्प्रेरकांवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांवर, काम करणाऱ्यांच्या जगात ज्यांना कधी ओळख सांगावी लागली नाही, त्या सरांना घाम फुटला. "मी... सर," ते म्हणाले. पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. तिने ओळखलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती. पॅलेडियम हा महागडा धातू जी रासायनिक क्रिया घडवतो, तीच तिने साध्या लोखंडाच्या उत्प्रेरकाने घडवली. उत्पादन चौऱ्याण्णव टक्के. एकदा नाही, तीनदा. सर हरखून गेले. पण सर म्हणजे काटेकोरपणाचा अर्क. शोधनिबंध पाठवण्याआधी त्यांनी प्रयोग स्वतः करून पाहिला. नवी काचेची भांडी, नवी रसायनं, द्रावण ढवळायला आत फिरत राहणारं छोटं चुंबक, तेही नवं कोरं. हाती आलं शून्य. पुन्हा केला, पुन्हा शून्य.

मग त्यांनी तिला खोलीत बोलावून दार लावलं. "आकडे तू मनाचे लिहिलेस," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. ती आधी नाही म्हणाली, मग रडली, शेवटी त्यांनी पुढे सरकवलेल्या कबुलीवर सही करून निघून गेली. पदवी अर्धवटच राहिली. पुढे दर वर्षी नव्या मुलांना सर हा किस्सा ऐकवत. तिचं नाव तेवढं घेत नसत. काय ते मोठं मन!

आता निवृत्तीला आठवडा उरला होता. परवा तशाच क्रियेवर काम करणारी त्यांची शेवटची विद्यार्थिनी धावत आली. "सर, उत्प्रेरक टाकायचाच विसरले, तरी क्रिया झाली!" सरांचा विश्वास बसेना. त्यांनी शेजारी उभं राहून तिला प्रयोग पुन्हा करायला लावला. पुन्हा झाली. नवं काय वापरलंस, असं विचारल्यावर कळलं, नवं काहीच नाही, उलट जुनं. ढवळायची चुंबकं संपली होती म्हणून तिने कपाटातल्या एका डबीतलं घेतलं होतं. बोटाच्या पेराएवढं, वरचं पांढरं आवरण करडं पडलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर ओरखडे दिसले आणि ओरखड्यांत काळे कण. तपासणीत निघालं पॅलेडियम. कधीकाळच्या कुठल्या तरी प्रयोगातलं, कितीही धुतलं तरी न निघालेलं.

डबीवरचं अक्षर एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलीचं होतं, सरांनी लगेच ओळखलं. ज्या काटेकोरपणाचा त्यांना आयुष्यभर गर्व होता, त्यानेच त्या मुलीचा घात केला होता. सगळं नवं घेण्याच्या नादात क्रिया घडवणारी एकमेव वस्तू त्यांनी बाजूला ठेवली होती.

हे सगळं त्यांनी फोनवर सांगितलं. तीनदा अडखळले. "लोखंड काहीच करत नव्हतं गं. शोध चुकीचा होता, पण आकडे खरे होते. तू जे पाहिलंस तेच लिहिलंस. माझं चुकलं, फार चुकलं. मी विद्यापीठाला लेखी कळवतो. तुला हवं असेल तर..."

"म्हणजे मी खोटं लिहिलं नव्हतं?" तिने मध्येच विचारलं.

सर गोंधळले. "अगं, हे तू मला विचारतेस? तुला माहीत होतंच ना?"

"आधी होतं. मग तुम्ही म्हणालात." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. "तुम्ही कधी चुकत नव्हतात, सर. म्हणजे माझंच काहीतरी झालं असणार, असं धरून चालले."

"अगं, एकोणीस वर्षं?"

"मुलाला ताप आला ना, तर थर्मामीटर मी अजूनही ह्यांनाच बघायला देते."