मूळ दीर्घिका

प्रत्येक माणसाची माती एकच असते. ती कुठली, हे ठासून सांगणारे मात्र बहुधा चुकलेले असतात.

मोरेश्वरचे वडील आप्पा ध्रुवीय कड्यात जन्मले आणि तिथेच वारले. मधली मोठी दीर्घिका थाळीसारखी आडवी, आणि हे ताऱ्यांचं कडं तिच्या डोक्यावरून उभं फिरणारं. "आपण इथे उपरे," म्हणत आप्पांनी जन्मभर भिंतीत एक खिळा ठोकू दिला नाही. अस्थी पूर्वज जिथून आले त्या मूळ दीर्घिकेत सोडायच्या, ही त्यांची शेवटची इच्छा होती.

यान जुन्या नकाशातल्या तिच्या जागी पोचलं. मोरेश्वरने हात जोडले, झडपेतून कलश बाहेर रिता केला आणि मग खिडकीशी गेला. सगळा काळोख होता.

"ताई, आपली दीर्घिका कुठाय?"

"ती कधीच फाटली, काका," यान चालवणारी रेहाना म्हणाली. "मोठीच्या फार जवळून गेली. मोठीनं तिला ओढून स्वतःभोवती गुंडाळलं. तुमचं कडं म्हणजे तीच की."

"म्हणजे आप्पा घरीच होते?"

"जन्मभर."

"मग आधी बोलायचं नाही का?"

"हात जोडलेल्या माणसाला मध्येच कसं टोकायचं?"

अस्थी तोवर यानापासून बऱ्याच लांब गेल्या होत्या.