बंद केलेलं नाव

मुलीच्या त्या पत्राला आर्ने हॉगेनने उत्तर दिलं नव्हतं. पत्र ऑक्टोबरात आलं होतं आणि आता जानेवारी संपत आला होता. पत्र तरी केवढं, अर्ध्या पानाचं.

‘बाबा, ब्रिटा आजारी आहे का? रोज सात वाजता ती चॅटवर यायची. मी इथे फार्गोच्या वाचनालयात जाऊन बसते, अर्धा तासच संगणक मिळतो. आज एकोणीस दिवस झाले, ती येत नाही. तुम्हाला न सांगता बोलत होतो, त्याबद्दल रागवा, पण माझ्यावर रागवा. दारू सोडून मला आठ महिने झाले. ती बरी आहे ना, एवढंच कळवा. सोल्वे.’

ब्रिटा ठणठणीत होती. तिच्या चॅटच्या यादीतलं सोल्वेचं नाव आर्नेनेच बंद केलं होतं.

नात, सोल्वेची मुलगी, दोन वर्षांपासून त्याच्याकडे राहत होती. शाळेने पालकांना एक पिवळा कागद दिला होता. संगणक जेवणघरात ठेवा, त्याचा पडदा स्वयंपाकघराकडे वळवा, पासवर्ड स्वतःजवळ ठेवा. आणि कुणी अनोळखी माणूस ‘आज काय घातलंयस’, ‘एकटीच आहेस का’, ‘घरी सांगू नकोस’ असं लिहू लागला, तर त्याचं नाव ताबडतोब बंद करा. आर्नेचा सगळा जन्म ग्रंथालयाच्या नोकरीत गेलेला. छापलेल्या कागदावर त्याचा विश्वास होता. ब्रिटा शाळेत गेली असताना त्याने तिची जुनी संभाषणं उघडून वाचली. ‘रानबदक’ असं नाव घेतलेल्या कुणीतरी या तिन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी लिहिल्या होत्या. त्याने ते नाव बंद केलं. ब्रिटाला विचारलं असतं, तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण मग चोरून वाचल्याचंही सांगावं लागलं असतं.

त्या चॅटची रीतच अशी, की नाव बंद झाल्याचं त्या माणसाला कुणी कळवत नाही. दोन्हीकडे एवढंच दिसतं, की समोरचं माणूस आलेलं नाही.

रानबदक म्हणजे सोल्वे, हे पत्रावरून कळलं त्याच दिवशी नाव उघडता आलं असतं. आर्ने उद्या उघडू म्हणाला, आणि तीन महिने उद्याच म्हणत राहिला. आज सकाळी घरात एकटा असताना त्याने पासवर्ड घालून नाव उघडलं. सोल्वे अजून येत असेल, असं त्याला खरं तर वाटतच नव्हतं.

संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी ब्रिटाने खुर्ची मागे सरकवली.

“आजोबा, बघा तरी कोण उगवलंय.”

“कोण?” त्याने ओट्याजवळूनच विचारलं. स्वतःच्या आवाजाची त्याला लाज वाटली.

“आई. तुम्हाला सांगितलं नव्हतं, सप्टेंबरपर्यंत आम्ही रोज बोलायचो. मग एक दिवस बाईसाहेब गायब. गेली असेल परत बाटलीच्या मागे.”

“तसं नसेलही.”

“तुम्हाला काय माहीत?”

तो हात पुसत तिच्यामागे येऊन उभा राहिला. पडद्यावर एकेक ओळ उमटत होती. *ब्रिटा? तू आहेस?* मग, *बाळा, मी रोज येते. एक दिवस चुकले नाही.*

“काय थापा मारतेय!” ब्रिटा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “रोज सात वाजता मी इथे बसलेली असायचे. तुम्ही भांडी घासता घासता बघत होता ना मला? सांगा, होते की नाही?”

“होतीस.”

“मग?”

“ब्रिटा, ऐक...”

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. या घरात माणसं दोनच, आणि त्यांतल्या एकाचा दुसऱ्यावर पूर्ण विश्वास होता.

“ओव्हनमध्ये बटाटे करपतायत,” आर्ने म्हणाला.

ब्रिटाने माउस हातात घेतला. *नाव बंद करायचे? पुन्हा उघडण्यासाठी पालकांचा पासवर्ड लागेल.* तिने होकार दाबला. अर्धवट उमटलेली एक ओळ नाहीशी झाली.

“तुमच्या त्या पिवळ्या कागदात सगळं अनोळखी माणसांचंच लिहिलंय,” ती उठत म्हणाली. “ओळखीच्यांचं काय करायचं, ते कुणी लिहीत नाही.”

मग तिने जाड हातमोजे घालून ओव्हनमधलं भांडं बाहेर काढलं. काही करपलं नव्हतं. “तुमचं नाक गेलंय, आजोबा,” ती म्हणाली. जेवताना तिने दोनदा वाढून घेतलं. रडली नाही.

ती वर अभ्यासाला गेल्यावर आर्नेने त्याच टेबलावर कागद घेतला. चार कागद फाडले. पहिल्या दोहोंत तो फार शहाणा वाटत होता, तिसऱ्यात फार बिचारा. चौथ्यात त्याने शाळेला दोष दिला होता. पाचव्यावर लिहिलं:

‘सोल्वे, ब्रिटा बरी आहे. ती रोज सात वाजता इथे असायची. तुझं नाव मी बंद केलं होतं. आज उघडलं, तर तिनेच बंद केलं. तिला मी अजून सांगितलेलं नाही. बाबा.’

वाचून पाहिलं असतं तर हाही फाडला असता. न वाचताच त्याने पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, तिकीट लावलं आणि कोट चढवून बाहेर पडला.

कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीवर वीतभर बर्फ साचला होता. त्याने कोपराने बर्फ ढकलला, झडप ओढली, पाकीट आत सोडलं आणि झडप सोडून दिली. मग ती पुन्हा ओढून आत पाहिलं. पत्र कडेला अडकलं तर नाही ना, म्हणून इथे डुलुथमध्ये सगळेच असं पाहतात. अडकलं असतं, तर दोन बोटांनी काढून घेता आलं असतं.

अडकलं नव्हतं.