ज्याची त्याची मांडणी

"घरी बसतेस तशी बस. परीक्षा आहे असं समजूच नकोस," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या.

म्हणायला परीक्षा नव्हतीच. समोर कोरा कॉम्प्युटर होता आणि दोन तासांत त्यावर आपल्या सवयीचं टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, आणि कोड लिहायचा एडिटर लावून दाखवायचा होता. बाकी प्रश्न नाहीत, कोडी नाहीत. जाहिरातीत लिहिलं होतं, प्रोग्रॅमरची पारख त्याच्या मांडणीवरून होते; मात्र मांडणी उमेदवाराची स्वतःची हवी, उसनी आढळल्यास उमेदवारी रद्द.

ते शेवटचं वाक्य तिनं तीनतीनदा वाचलं होतं. कारण तिची मांडणी अथपासून इतिपर्यंत बाबांची होती.

बाबा गेली काही वर्षं घरूनच कामं करत. कुणाची, असं विचारलं की "लोकांची" म्हणत. ह्यांचा संसार त्या काळ्या खिडकीतच, असं आई कुरकुरायची. त्याच काळ्या खिडकीत हुकूम कसे टाइप करायचे ते त्यांनी लेकीला बाराव्या वर्षी शिकवलं, आणि आपली सेटिंगची फाईल जशीच्या तशी तिच्या कॉम्प्युटरवर घालून दिली. आज सकाळी मात्र ते अडून बसले होते.

"ती फाईल घराबाहेर न्यायची नाही. आपलं आपण नवं लिहायचं."

बाबांच्या तत्त्वांशी हुज्जत कोण घालणार? तिनं मान डोलावली आणि पेन ड्राइव्ह गुपचूप पर्समध्ये टाकला. दीड वर्ष घरी बसून नऊ नकार पचवलेल्या माणसाला असली तत्त्वं परवडत नाहीत. ही नोकरी तिला हवीच होती.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. दारावर बोर्ड नव्हता. नवीन जागा, बोर्ड यायचाय, असं मॅडम म्हणाल्या होत्या. कोपऱ्यात दोन पुरुष आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते.

तिनं फाईल चढवली. पांढरा स्क्रीन काळा झाला आणि त्यावर हिरव्या अक्षरांत शब्द उमटला, 'बोला'.

मॅडम हसल्या. "हे काय?"

"मशीन अदबीनं बोललं की काम करायला बरं वाटतं." हे उत्तरही बाबांचंच होतं, पण ते तिला तोंडपाठ होतं.

मग ती रंगातच आली. 'आवर' टाइप केलं की स्क्रीन स्वच्छ. 'घरी' म्हटलं की आपल्या फोल्डरमध्ये परत. 'कुठे' म्हटलं की आपण नेमके कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते पुढ्यात. दर तासाला वरच्या कोपऱ्यात सूचना यायची, 'पाठ सरळ कर'.

"थांब, ते परत दाखव," मॅडम म्हणाल्या.

तिनं परत दाखवलं.

"ही नावं सुचली कुणाला?"

"मलाच." पहिली थाप जरा अडखळत गेली. पुढच्या सुरळीत गेल्या. हो, सगळं मीच लिहिलंय. हो, कॉलेजपासून वापरतेय. नाही, कुणाची मदत नाही.

"आतापर्यंत बरेच जण येऊन गेले असतील ना?" तिनं धीर करून विचारलं.

"तू बेचाळिसावी."

"आणि एकही पसंत नाही पडला?"

"आम्हाला हवं होतं ते कुणाकडे सापडलं नाही." मॅडमनी कोपऱ्यातल्या एकाला हात केला. तो येऊन तिच्या मागे उभा राहिला, बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला आणि मग मॅडमकडे बघून त्यानं मान हलवली.

नऊ ठिकाणी तिनं लोकांना माना हलवताना पाहिलं होतं, पण ती हालचाल नेहमी आडवी असायची. आज ती उभी होती. तिला इतका आनंद झाला की लपवता येईना.

मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. 'ही मांडणी मी स्वतः तयार केली असून माझ्याखेरीज कुणीही ती वापरलेली नाही.' तिनं झोकात सही ठोकली. घरी फोन करायचा, बाबा दोन मिनिटं रागावतील, मग आपणच हसतील, असं तिच्या मनात चाललं होतं.

कोपऱ्यातला दुसरा माणूस उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. मॅडमनी तिच्यासमोर एक जाड गठ्ठा ठेवला. पहिल्याच पानावर 'बोला' होतं. खाली 'कुठे'. खाली 'आवर'. पानंच्या पानं तिचीच मांडणी छापलेली होती आणि प्रत्येक ओळीपुढे गेल्या वर्षीची तारीख होती.

"तुमच्याकडे हे कसं?" तिनं विचारलं.

"गेल्या वर्षी एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरलं होतं. चार महिने आत ऐसपैस राहिलं, स्वतःच्या सोयीनं सगळं मांडून. ही त्याचीच मांडणी. मग एका दुपारी त्यानं सगळी यंत्रणा बंद पाडली. अतिदक्षता विभागात अकरा माणसं दगावली." मॅडमनी सही केलेला कागद उचलून मागच्या माणसाकडे दिला. "इथं नोकरी नाही, बाळ. आम्ही पोलीस आहोत."

'माझ्या बाबांनी' हे दोन शब्द ओठांपर्यंत आले आणि तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आता पुन्हा विचारते," मॅडम म्हणाल्या. "सावकाश, विचार करून सांग. हे सगळं तुझं एकटीचंच आहे ना?"