कप्प्यांचा रंग

"कोणी लिहिलंय हे?" पांडेलिसने मसुदा टेबलावर आपटला. "ज्याने लिहिलंय त्याने उभं राहावं. नाहीतर आत्ताच्या आत्ता मागे घ्या."

पिरेअसच्या वकिलांच्या सागरी कायदा समितीत हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. निम्म्या सभासदांची चूल जहाजमालकांच्या जिवावर पेटायची, म्हणून जुन्या मंडळींनी रीतच घालून दिली होती. मसुदा बिननावाचा टाइप करायचा, दाराजवळच्या लाकडी पेटीत टाकायचा आणि अध्यक्षांनी तो वाचून दाखवायचा. काय लिहिलंय ते बघायचं, कोणी ते नाही.

हा मसुदा 'कालियोपी' जहाजाबद्दलचा होता. जहाज वादळात बुडालं तेव्हा जीवनरक्षक होड्या खाली उतरल्याच नाहीत. मालक वातात्झिस, पांडेलिसचा अशील, म्हणत होता, कप्तानाचा हलगर्जीपणा. कप्तान बिचारा तळाशी, तो काय बोलणार! मसुद्यात मात्र सरळ लिहिलं होतं की होड्या उतरवायच्या कप्प्या गंजून जाम झाल्या होत्या आणि तपासणीच्या तोंडावर त्यांच्यावर नुसता रंग फासला होता. होड्यांची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाका, अशी शिफारस होती. उद्या ती मंत्र्यांपुढे जायची होती.

समितीतल्या तरुण वकील कीवेलीला एवढंच कळत होतं की ती गेलीच पाहिजे. कप्तानाची बायको स्तामाता तिची अशील. खालच्या कॉफीच्या दुकानात ती बसली होती. गावातल्या बायका तिला चर्चमध्ये शेजारी बसू देत नव्हत्या, त्यांच्या मुलांना तिच्या नवऱ्याने बुडवलं म्हणून.

"पांडेलिस, आपल्याकडे नाव विचारत नाहीत," अध्यक्षा एव्हान्थिया म्हणाल्या.

"मग ही कुजबुज झाली, कायदेशीर मत नव्हे! मालकांनी मला बजावलंय, नाव घेऊनच या. आणि अहो, मी स्वतः गेलोय त्या जहाजावर, सुटायच्या आधी, विम्याच्या कामाला. सगळं चकाचक होतं. आता इथे कोणी म्हणत असेल गंज होता, तर त्याने सांगावं की मी डोळ्यांनी पाहिला. नसेल सांगायचं तर घ्या मतदान."

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. मतदान झालं तर मसुदा पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्या मेनेलाओसची नजर कॉफीच्या कपात बुडाली होती. खलाशांच्या संघटनेचे खटले तोच लढवायचा. त्याचंच काम असणार, कीवेलीला वाटलं. पण त्याच्या जावयाची नोकरी वातात्झिसच्या कचेरीत होती. तो कसला उभा राहतोय!

तिला संताप आला. एवढी शिकलेली माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप! नाव बाहेर पडलं की या बंदरात कोणी दारात उभं करणार नाही, हे तिलाही कळत होतं. ती उभी राहिली.

"मी लिहिलंय."

पांडेलिसने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू? पोरी, तुला बंदरातल्या फेरीबोटीत मळमळतं."

"मळमळतं. पण दिसतं मला. तुम्हाला मात्र मालकाने दाखवलं तेवढंच दिसतं."

कोणीतरी खाकरलं. पांडेलिसचा चेहरा लाल झाला.

"जहाजावर गेली होतीस?"

"गेले होते."

"मग सांग. कप्प्यांवर कुठला रंग होता?"

मसुद्यात रंगाचं नाव नव्हतं. कीवेलीने जन्मात ते जहाज पाहिलं नव्हतं. मेनेलाओसने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मदतीला येईल तर तो मेनेलाओस कसला!

"पांढरा," ती म्हणाली. आवाज जराही हलू दिला नाही.

पांडेलिसने चष्मा काढला. रुमालाने पुसला. पुन्हा पुसला.

"पांढराच," तो शेवटी म्हणाला. "बरोबर आहे. हिने पाहिलंय. बाई, मसुदा पाठवा मंत्र्यांकडे. माझी हरकत संपली."

एव्हान्थियाबाईंनी कोणाची तरी बुद्धी फिरायच्या आत शिक्का मारून टाकला.

कीवेलीने आपले कागद गोळा केले. नशिबाने रंग जुळला, दुसरं काय! ती जिना उतरली तर पांडेलिस खालच्या दरवाजात फोन लावत उभा होता. समोर बंदरात फेरीबोटीचा भोंगा वाजला.

"थांब," तो तिला म्हणाला. "तुझ्यासमोरच सांगतो."

"सांगा की! आडनावासकट सांगा. मी घाबरत नाही तुमच्या मालकाला."

"दिसलं ते मघाशी." पलीकडून फोन उचलला गेला. पांडेलिस ताठ उभा राहिला. "मालक, मसुदा चालला मंत्र्यांकडे. हो, नाव मिळालं. घ्या लिहून."

कीवेलीने हाताची घडी घातली.

"पांडेलिस हारोकोपोस," तो म्हणाला. "नाही, ऐकण्यात चूक नाही तुमच्या. माझंच. आणि मालक, कोर्टात विचारलंत तर तिथेही सांगेन, त्या गंजक्या कप्प्यांवर नारिंगी रंग होता."